पाळण्यातलं नाव

मराठी माणसाचं एका नावात कधीच भागत नाही. पाळण्यात एक, पत्रिकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं आणि गल्लीत चौथं. त्यातलं पत्रिकेतलं नाव फक्त गुरुजींना आणि शनीला माहीत असतं. गल्लीतलं सगळ्यांना माहीत असतं, पण ज्याचं आहे त्याच्यासमोर उच्चारायची सोय नसते. बायकांच्या वाट्याला आणखी एक येई. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं लिहिलेलं नाव. वीस वर्षं ज्या नावानं हाका मारल्या, हजेरी घेतली, धपाटे घातले, ते नाव जेवणावळ उठायच्या आत बाद. ते तांदूळ पुढे भाताला जात असावेत. निदान आमच्या घरात तरी काही वाया जात नसे.

या नावांशी माझा संबंध पोटापाण्याचा. अकोल्याला टपालखात्यात माझी छत्तीस वर्षं गेली. पाकिटावर एक नाव, दारावरच्या पाटीवर दुसरं आणि आतला माणूस तिसऱ्याच नावाला ओ देणारा, हा आमचा रोजचा सामना. 'कुमारी अमुक अमुक' असं लिहिलेलं पत्र यायचं. घरातले म्हणायचे, इथे कुणी कुमारी नाही. आणि दाराआड पिठाचे हात घेऊन उभी असलेली सून काही बोलायची नाही. पोस्टमन जुना असला तर तो मुद्दाम घुटमळायचा, पाणी मागायचा, पाणी घेऊन ती बाहेर आली की पत्र हळूच तांब्याखाली सरकवायचा. नवा असला तर 'या नावाचे कोणी येथे राहत नाही' असा शेरा मारून मोकळा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, तेव्हा आम्हांला वाटलं, सुटलो. तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, शिवाय संस्कृतचे पंडित. शब्दांवर इतकं प्रेम असलेल्या माणसानं पत्ता शोधायला शेवटी आकडेच घेतले, यावरून नावांवर कितपत विसंबावं ते समजून घ्या.

आणि आमच्या वऱ्हाडात गावंही माणसांसारखीच. अमरावतीचं मूळ नाव उदुंबरावती, असं म्हणतात. त्याचं झालं उमरावती, आणि इंग्रजी अमदानीत इथला कापूस मुंबईच्या बाजारात 'ऊमरा' या नावानं विकला जाई. म्हणजे गाठ बांधताना एक नाव, सोडताना दुसरं. अचलपूर सरकारी कागदांत एलिचपूर होतं. आणि चिखलदरा? पावसाळ्यात आलेला प्रवासी स्वतःच्या बुटांकडे बघूनच नावाचा अर्थ लावतो. पण गावकऱ्यांना विचाराल, तर भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकला, तो कीचकदरा. त्याचा झाला चिखलदरा. त्यानंतर भीमानं अंघोळ केली ते भीमकुंड. पुढे १८२३ साली हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या साहेबानं चिखलदरा 'शोधून काढला', असं पुस्तकांतून लिहिलेलं असतं. तोपर्यंत आपण हरवलो होतो, हे इथल्या कोरकू आणि गवळी मंडळींना ठाऊक नव्हतं.

तर या चिखलदऱ्यात माझी आत्या राहते. वय वर्षं शहाऐंशी. आतोबा जंगलखात्यात होते. निवृत्तीनंतर सगळे साहेब थंड हवा सोडून गरम गावात घर बांधतात, आतोबांनी इथेच बांधलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या श्रावणात माझ्या आतेभावाच्या डोळ्याचं ऑपरेशन अमरावतीला ठरलं, तेव्हा घरी वहिनी आणि आत्या दोघीच राहणार म्हणून मला पंधरा दिवसांसाठी बोलावणं आलं. अकोल्याच्या उकाड्यातून अकराशे मीटर उंचीवरच्या ढगात राहायला कोण नाही म्हणेल? श्रावणात चिखलदऱ्याला ढग खिडकीतून आत येतात, चहाच्या कपावरून फिरतात आणि दोरीवरच्या धोतराला परत ओलं करून जातात.

आत्याची एक अडचण होती. तिची स्मरणशक्ती उतरणीला लागली होती. सकाळी दोनेक तास ती ठीक असे. कुणाचं लग्न कुठे झालं, कुणी किती तोळे घातले, सगळं बिनचूक. अकरा वाजले की ढग उतरे. आणि ही सकाळ महिन्यागणिक थोडी लहान होत चालली होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुने फोटो दाखवत जा, तिला बोलतं करा. आणि फोटोतली माणसं कोण ते आत्ताच विचारून ठेवा. पुढच्या वर्षीवर टाकू नका.

फोटो भरपूर होते. आतोबांकडे आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा होता, एका रोलात बारा फोटो देणारा. असे ५१ रोल त्यांनी आयुष्यात काढले. ५१ गुणिले १२, बरोबर ६१२. जंगलखात्यातल्या माणसाचे ६१२ फोटो, म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर वाघ उभा राहिला असेल. वाघ एकही नाही. 'आत्ता इथे वाघ होता' असे मात्र चाळीसेक आहेत. नुसती झुडपं. मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गेला, तेव्हा आतोबांनी त्या झुडपांचे पुन्हा एकदा फोटो काढले.

बाकीचे माणसांचे. देवी पॉइंटवर, गाविलगडाच्या दरवाज्यात, अंगणात, कुणाच्या मुंजीत. त्या माणसांची नावं कुठेही लिहिलेली नव्हती. ती फक्त आत्याच्या सकाळच्या दोन तासांत होती. त्यात निगेटिव्हवर बुरशी चढायला लागलेली. म्हणून आतेभावानं सगळ्या निगेटिव्ह स्कॅन करून आणल्या होत्या. एकेक फाइल शंभर एमबीच्या घरात, तीही अशा जातीची की टीव्हीनं पेनड्राइव्ह तोंडात घेऊन तसाच बाहेर काढला. निम्मे फोटो आडवे पडलेले. आत्याचे डोळे लॅपटॉपच्या पडद्याला दाद देत नाहीत, तिला टीव्हीच हवा. फोटो उभे करायचे, लहान करायचे आणि टीव्हीला चालतील अशा फाइलीत बदलायचे, एवढंच काम. पण ६१२ वेळा.

पुण्याला माझा भाचा आहे. तो कॉम्प्युटरात काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण पगार सांगता येतो. तो म्हणाला, "मामा, कशाला हातानं करताय? अकरा ओळींचा प्रोग्रॅम पाठवतो. पायथनमध्ये. तुम्ही फक्त चालवा. चहा होईपर्यंत ६१२ फोटो तयार."

त्यानं पाठवला. चहा झाला. दूध नासलं, दुसरा चहा झाला. फोटो झाले नाहीत.

पडद्यावर लाल-पांढऱ्या ओळींचा थवा उतरला. चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंट आहे, तिथे तुम्ही एकदा ओरडलात की दरी पाच वेळा परत ओरडते. कॉम्प्युटरचंही तसंच, तक्रार एकच, पण ती या डोंगरावरून त्या डोंगरावर आपटत येते. भाच्यानं फोनवरून सांगितलं, "मामा, घाबरू नका. खालून वर वाचायचं. सगळ्यात शेवटची ओळ खरी." शेवटची ओळ होती : 'मोड्यूल नॉट फाउंड एरर, नो मोड्यूल नेम्ड पी-आय-एल.'

मी खुर्चीत ताठ बसलो. छत्तीस वर्षांनी ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं. 'या नावाचे कोणी येथे राहत नाही'! हा तर आमच्याच खात्याचा शेरा.

आता हे पी-आय-एल प्रकरण काय, ते सांगतो. प्रोग्रॅम लिहिणारे सगळंच स्वतः लिहीत नाहीत. वाटीभर साखर शेजारून आणावी तसं कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं सामान मागवून घेतात. त्याला ते इम्पोर्ट म्हणतात, म्हणजे आयात. आमच्या पिढीला आयात म्हटलं की परवाना आठवतो आणि कुणाच्या तरी मेव्हण्यानं आणलेलं घड्याळ. इथे परवाना लागत नाही, पैसेही पडत नाहीत. फक्त नाव बरोबर सांगावं लागतं. फोटो फिरवणं, कापणं, लहान करणं यासाठी जे सामान लागतं त्याचं नाव पी-आय-एल.

नाही, तर मागवा. मागवायला 'पिप' नावाचा एक हरकाम्या असतो. 'पिप इन्स्टॉल पी-आय-एल' असं मी लिहिलं. त्यानं जगभर चौकशी केली आणि कळवलं की अशी वस्तू मिळत नाही. आता गंमत पाहा. प्रोग्रॅम म्हणतो, पी-आय-एल आणा. बाजार म्हणतो, पी-आय-एल नावाचं काही नाही.

भाच्याला फोन लावायचा तर घरात रेंज नाही. ती पेरूच्या झाडाखाली, कुंपणाच्या कोपऱ्यात, तीही ढग वर गेला तर. मी छत्री घेऊन उभा राहिलो.

"मामा, पी-आय-एल नाही मागवायचं. पिलो मागवा."

"पिल्लू?"

"पिलो! पिलो! उशी!"

"अरे, फोटोंना उशी कशाला?"

"नाव आहे मामा ते. इन्स्टॉल करायचं पिलो, आणि प्रोग्रॅममध्ये बोलवायचं पी-आय-एल."

छत्रीखाली मला एकदम तांदळाचं ताट दिसलं.

लॅपटॉप पेरूखाली आणून उशी मागवली. पिपनं 'यशस्वीरीत्या बसवलं' अशा अर्थाची पोच दिली. पोच मिळाली की आम्ही टपालवाले निर्धास्त. प्रोग्रॅम चालवला. 'नो मोड्यूल नेम्ड पी-आय-एल.' पोच आहे, माल नाही!

असा प्रकार नोकरीत मी पाहिलेला आहे. मनिऑर्डरीची पोच सही होऊन येते, पण सही वरच्या मजल्यावरच्या चुलत्याची असते. मी भाच्याला म्हणालो, "या घरात एकाच नावाचे दोघं राहतात का बघ." तो दोन क्षण गप्प झाला. मग त्यानं मला काही आज्ञा लिहायला लावल्या आणि खरंच, लॅपटॉपमध्ये दोन पायथन निघाले. एक पुतणीनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कधीकाळी टाकलेला, एक दिवाळीत भाच्यानं येऊन टाकलेला. पिप होता जुन्याचा नोकर, आणि प्रोग्रॅम चालवत होता नवा. उशी जुन्याच्या डोक्याखाली आणि मान अवघडतेय नव्याची.

हे सगळं पेरूखाली मोठमोठ्यानं चाललेलं. शेजारचे गृहस्थ कुंपणाशी आले. "काय झालं जी? काई सापडलं का?"

"दोन पायथन आहेत आत," मी म्हणालो.

"दोन? घरात?"

"एक जुना आहे, एक नवा. जुना काढून टाकावा म्हणतोय."

"तुमी हात नोका लावू भाऊ," ते दोन पावलं मागे सरत म्हणाले. "माह्या पोट्ट्याले धाडतो. त्याची सर्पमित्राशी ओळख हाये. आन् वहिनीले सांगा, आजीले घेऊन ओट्यावर बसा म्हना."

हा पायथन अजगर नव्हे, हे त्यांना पटवायला एक चहा खर्ची पडला. खरं तर हे नाव सापावरून ठेवलेलंच नाही. गिदो वान रॉसम या डच गृहस्थानं ही भाषा काढली, १९९१ साली ती जगापुढे आली, आणि नाव ठेवलं 'मॉन्टी पायथन' या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून. म्हणजे इथेही नावाची पंचाईत. शेजाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना तरीही बॅटरी मारून लॅपटॉपखाली पाहून घेतलं.

उपाय अगदी साधा निघाला. नुसतं 'पिप' म्हणायचं नाही. 'पायथन डॅश एम पिप' म्हणायचं. म्हणजे ज्या पायथनला सामान हवं त्याच्याच हातानं पिपला पिटाळायचं. त्यातलं एम हे मोड्यूलचं आद्याक्षर, असं भाचा म्हणतो. मी ते 'मार्फत' असं लक्षात ठेवलं आहे. पत्रावर 'मार्फत अमुक' लिहिलेलं असलं की पोस्टमन चुलत्याकडे जात नाही. या खेपेला उशी योग्य मानेखाली गेली.

या पिलोची कूळकथा भाच्यानं मला नंतर सांगितली. फ्रेड्रिक लुंड नावाच्या माणसानं १९९५ च्या सुमारास मूळ पी-आय-एल लिहिलं. पायथन इमेजिंग लायब्ररी, हे त्याचं सबंध नाव. जगभर लोकांनी ते वापरून आपापले प्रोग्रॅम लिहिले. २००९ साली त्याची शेवटची आवृत्ती निघाली आणि पुढे सगळं थंडावलं. दरम्यान २०१० साली अ‍ॅलेक्स क्लार्क यानं तेच सामान उचलून, धुऊनपुसून, नव्या पद्धतीनं बसवता येईल असं केलं आणि त्याला नाव दिलं पिलो. लुंड २०२१ साली वारला. पण जगातले ते हजारो जुने प्रोग्रॅम? त्यांना पी-आय-एल एवढंच नाव ठाऊक. म्हणून पिलोनं बाहेरची पाटी बदलली, पण घरात हाक मारली तर जुन्याच नावाला ओ द्यायची, असं ठेवलं. दोघं एका घरात मात्र नांदत नाहीत. जुनं काढल्याशिवाय नवं आणू नये, असं त्यांच्या माहितीपुस्तकातच लिहिलेलं आहे.

वऱ्हाडी माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडे वाडा विकून दोन पिढ्या झाल्या तरी तो 'देशमुखांचाच वाडा' असतो. सबंध वऱ्हाडाचंच उदाहरण घ्या ना. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या नावामागे 'हैदराबाद आणि बेरार' लागलं, त्याचा मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला, आणि शेतसारा गोळा व्हायचा नागपूरच्या हुकमानं. बसवलेलं एक, बोलवायचं दुसरं. भाचा सांगत होता की फोटोंचं दुसरं एक मोठं सामान आहे, ते बसवायचं 'ओपनसीव्ही-पायथन' या नावानं आणि बोलवायचं 'सीव्ही-टू' म्हणून. मी म्हटलं, हे तुमचे कॉम्प्युटरवाले आमच्याच आळीत वाढलेले दिसतात.

त्या संध्याकाळी एक गोष्ट घडली. आत्या दूध घेईना. वहिनी 'आई, आई' म्हणून पेला पुढे करत होत्या. आत्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी 'आत्या' म्हणालो. नाही. वहिनींनी तिचं नाव घेऊन पाहिलं, तांदळातलं, रेशनकार्डावरचं. तिनं असं पाहिलं की या कोण बाई आणि कुणाला बोलावताहेत? वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, चार दिवस झाले, संध्याकाळी हे असंच. कुठल्याच नावाला ओ देत नाहीत."

पत्ता बरोबर आहे, घर बरोबर आहे, माणूस आत आहे आणि शेरा 'येथे राहत नाही'. टपालखात्यात अशा वेळी एकच करतात. जुनं नाव लावून बघतात.

माझे वडील तिचे थोरले भाऊ. ते तिला आयुष्यभर एकाच नावानं हाक मारत. माहेरी, त्या काळच्या निम्म्या मुलींना असे तसं, हिलाही सगळे 'बेबी' म्हणत. मी वडिलांच्या आवाजात म्हणालो, म्हणजे थोडा घसा खरवडून म्हणालो, "बेबे, दूध निवतंय गं."

शहाऐंशी वर्षांची बेबी चटकन वळली. "दादा? तू कधी आलास?" आणि पेला हातात घेऊन म्हणाली, "साय काढलीस ना?"

वहिनी आत निघून गेल्या. मी साय काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा उत्साह दांडगा. प्रोग्रॅम त्यानं सुधारून पाठवला; आता फोटो आपोआप सरळही होणार. मी चालवला. पुन्हा पंचबोल. या वेळची शेवटची ओळ लांबलचक : पी-आय-एल सापडलं आहे, पण ते अर्धवट जागं आहे, त्यातून 'इमेज' आणता येत नाही, बहुधा तुम्ही गोल गोल फिरताय. अशा अर्थाचं काहीतरी.

भाचा म्हणाला, "पिलो काढून परत टाका." टाकलं. तेच. "लॅपटॉप बंद करून चालू करा." केला. तेच. "मामा, लॅपटॉप जुना झालाय. नवा घ्या." हे त्याच्या पिढीचं अखेरचं औषध.

पण ओळीच्या शेवटी कंसात एक पत्ता होता. भाचा तो वाचत नव्हता. त्याच्या मते ती नुसती शेपटी. टपालवाला मजकूर वाचत नाही, पत्ताच वाचतो. तो पत्ता पिलो बसवलेल्या जागेचा नव्हताच. तो आमच्याच फोटोंच्या फोल्डरचा होता आणि शेवटी लिहिलं होतं : पी-आय-एल डॉट पी-वाय.

"अरे, तुझ्या या नव्या प्रोग्रॅमच्या फाइलला नाव काय दिलंयस?"

"पी-आय-एल," तो म्हणाला. "म्हणजे फोटोंचं आहे हे तुमच्या लक्षात राहावं म्हणून..." आणि पेरूखाली बराच वेळ नुसता पावसाचा आवाज.

पायथनची चौकशी करायची रीत अगदी पोस्टमनच्या बीटसारखी आहे. घरांची यादी ठरलेली, आणि पहिलं घर म्हणजे ज्या फोल्डरात प्रोग्रॅम आहे तेच. पी-आय-एल हवंय? आधी आपल्याच घरात हाक मारा. कुणी ओ दिली की संपलं, पुढे जायचं नाही. इथे भाच्याची फाइल त्याच नावाची, तिनं ओ दिली. आणि तिला कामाला लावल्यावर ती पहिल्याच ओळीत म्हणते, मला पी-आय-एल बोलावून द्या. पुन्हा शोध. पुन्हा पहिलं घर. पुन्हा तीच. नाशिकच्या जोशींना पत्र लिहावं आणि आपल्याच घरचे जोशी ते फोडून 'अहो, त्या जोशींना निरोप द्या' म्हणून परत आपल्याच पेटीत टाकत राहावं, तसं.

मी फाइलला नवं नाव दिलं. रोमन अक्षरांत 'बेबी'.

अकरा ओळींचा तो प्रोग्रॅम सुरू झाला आणि फोटो एकेक करत उठून उभे राहायला लागले. शंभर एमबीचे दीड-दोन एमबी झाले. चहा होईपर्यंत काही झालं नाही. ६१२ फोटोंना त्या म्हाताऱ्या लॅपटॉपनं जेवणापर्यंत वेळ घेतला आणि तो एवढा तापला की वहिनींनी त्यावर ओले मोजे वाळत घातले.

पुढचे नऊ दिवस रोज सकाळी आठ ते दहा आम्ही टीव्हीपुढे बसलो. मी वही घेऊन, आत्या शाल घेऊन. फोटो आला की ती सांगायची, मी नंबरापुढे लिहायचो. सुरुवातीला जरा अडखळली. मग जी सुटली! "हा काळा बाप्पू. ही ठमी, हिच्या आईनं मला लुगडं द्यायचं कबूल केलं होतं, दिलं नाही. हा सायकल. हे नाना, पण आपले नाना नव्हेत, रबडीवाले. ही वेणीवाली माई, ती बिनवेणीची माई." झुडपांचा फोटो आला की म्हणायची, "वाघ. पुढे चल."

पुण्याहून भाच्यानं विचारलं, "मामा, किती नावं मिळाली?" म्हटलं, दोनशे आठ. तो म्हणाला, "वा! वंशावळीत भरू या. पूर्ण नावं पाठवा." पूर्ण नावं कुठली? वहीत नुसते बाप्पू, ठम्या, सायकली आणि माया. यांतलं एकही नाव कुठल्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर किंवा लग्नपत्रिकेवर सापडायचं नाही. काळा बाप्पू म्हणजे पुढे अमरावतीत नावाजलेले वकील झाले तेच की काय, अशी मला शंका आहे. पण त्यांच्या नातवाला फोन करून 'तुमच्या आजोबांना काळा बाप्पू म्हणत का हो?' हे विचारायचं कुणी, यावर अजून एकमत नाही.

शेवटच्या दिवशी ४१७ नंबरचा फोटो पुन्हा लावला. तो आधी दोनदा राहून गेला होता. पंचबोल पॉइंटवर तरुण आत्या एकटी उभी, पदर वाऱ्यावर, उन्हानं डोळे मिचकावलेले. आणि तिच्या पायांपर्यंत आलेली एक लांब सावली : डोक्यावर हॅट, कोपरं बाहेर काढलेली, डोळ्याशी धरलेला कॅमेरा. सबंध ६१२ फोटोंत आतोबा असे एवढेच आहेत.

"ही कोण?" मी विचारलं.

"बेबी."

"आणि ही सावली कुणाची?"

आत्यानं सावलीकडे पाहिलं. शाल डोक्यावर ओढून घेतली, तोंडावर तिचं टोक धरलं आणि हसायला लागली. मी पुन्हा विचारलं. तिनं मान हलवली. वहिनी म्हणाल्या, "सांगा ना. नाव काय त्यांचं?"

"इश्श," बेबी म्हणाली. "असं नाव घेतात का कुणी?"

बरंच विनवलं, पण नाहीच घेतलं. वहीत ४१७ पुढची जागा कोरी राहिली. रात्री भाच्याला सगळी यादी वाचून दाखवली, तर तो म्हणाला, कोरं चालणार नाही मामा, प्रोग्रॅम अडतो, काहीतरी नाव द्यावंच लागेल.

वहिनींनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ४१७ पुढे लिहिलं : 'अहो'.